एक दार लाल

क्लेमने तो घेतला चारशे डॉलर आणि एका मेंढीला.
नॉस्के म्हातारा म्हणाला, कोंबड्या हिशेबात नाहीत हं,
त्या मी उतरवून घेतो.
एक उतरली नाही.
विमेराच्या सपाट रस्त्यावरून एकशेदहा किलोमीटर
ती ट्रेलरवर बसून आली,
गिअरच्या दांड्यापाशी, मालकिणीच्या तोऱ्यात.

मी विचारलं, हे काय आणलंस?
तो म्हणाला, ब्लिट्झ.
एवढ्यानं जणू सगळं मिटलं.

पुढची काच आत कललेली, जमिनीकडे बघणारी.
वरच्या विमानाला चमक दिसू नये म्हणून, क्लेम सांगतो.
मला ती दिसते
खिडकी फोडून आलेल्या पोरासारखी,
पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.

पहिला हिवाळा नुसता गंजात गेला.
डिझेलमध्ये जुनं ऑइल कालवून केलेलं औषध
रोज रात्री पाजायचं, सकाळी पाना लावायचा.
एक नट नऊ दिवस ढिम्म.
दहाव्या दिवशी असा फिरला,
की क्लेम शेडमध्ये पाठीवर पडला आणि तिथेच हसत राहिला.

चाकांना दोन जातींचे नट. साधे,
आणि लाल रंगवलेले.
चाकाच्या दोन फाका लाल नटांनी धरलेल्या असतात,
टायरमध्ये हवा असताना त्यांना हात लावायचा नाही.
लावला तर फाक उडते, आणि माणूस.
आमच्या संसारातही असे दोन-तीन आहेत.
एकेचाळीस वर्षं फिरवलेले नाहीत.

पाण्याचा पंप कॅनडातल्या एका बाईने पाठवला,
लोकरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून.
ब्लँकेट मी धुऊन परत धाडलं.
तिने ते पुन्हा पाठवलं, आत फॅनची पाती.

मग रंग.
कोंबड्यांच्या चुन्याखाली लाल, लालखाली हिरवा,
हिरव्याखाली मातकट काहीतरी.
क्लेम नखानं खरवडत होता.
गोळीचं भोक, कोणाचं कोरलेलं नाव,
निदान एखादा कुठला तरी आकडा.
त्याचा बाप न्यू गिनीहून आला तो गप्पच आला,
गप्पच गेला.
मुलाला वाटलं असावं, ट्रक तरी बोलेल.

दफ्तरातून कागद आला, एकच पान.
डेपोत दाखल. डेपोतून लिलावात.
मधल्या तीन वर्षांत अडतीस मैल.
क्लेम दोन दिवस शेडकडे फिरकला नाही.
कोंबडी मात्र जायची, संध्याकाळी, वेळेवर.

तिसऱ्या दिवशी मीच नॉस्केला फोन लावला.
लाल कधी मारला, विचारलं.
तो म्हणाला, मी नाही मारला. अग्निशमनवाल्यांनी.
पाठीवर टाकी होती पाण्याची.
शाळेमागचं गव्हाचं रान पेटलं
त्या दुपारी टाकीवर अकरा पोरं.
मला कोणीतरी पिठाच्या पोत्यासारखं वर फेकलं.
मग थोडा थांबून म्हणाला,
भंगारवाला तीनदा येऊन गेला होता.
म्हणून कोंबड्या ठेवल्या.

क्लेमला सांगितलं तेव्हा त्याने चष्मा पुसला,
आणि कॉम्प्रेसर चालू केला.

सगळा हिरवा झाला.
डावं दार सोडून.

एप्रिलात गावच्या संचलनात मी डाव्या बाजूला बसले,
मधल्या इंजिनाने पोटरी शेकत,
गिअर बदलताना दोनदा क्लच,
दरवेळी क्लेमच्या तोंडून एक नवी शिवी.
कॉलर कडक केलेला एक जण जवळ आला,
म्हणाला, दार चुकलंय तुमचं.
क्लेम म्हणाला, बरोबर आहे ते.
कोणत्या आघाडीवर होता हा?
क्लेम म्हणाला, कुठल्याच नाही,
आणि त्याच्यासमोर दार उघडून धरलं,
बस, म्हणाला, फिरवून आणतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर,
नव्याकोऱ्या कॅनव्हासवर, एक अंडं.
तीच कोंबडी की तिची लेक, सांगता येत नाही.
क्लेमने ते उचललं,
शेडच्या दारात, उजेडाला धरून, वळवून वळवून पाहिलं,
स्पार्क प्लग बघतो तसं.